वरच्या खिशातला स्वॅब

६ जानेवारी, सोमवार

आजपासून खर्रा बंद. कायमचा.

कारण शास्त्रीय आहे. एम.एस्सी. फॉरेन्सिकच्या शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट ठरला. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्यांच्या लाळेत निकोटिन किती निघतं ते जीसी-एमएस मशीनवर मोजायचं. गाईड हर्षा मॅडम, पार्टनर श्वेता. श्वेतानं पहिल्याच मिनिटाला विचारलं, तू खातोस का. मी नाही म्हटलं. ते खोटं नव्हतं, त्या वेळी तोंड रिकामं होतं. पण एकदा शब्द दिला की दिला. धकाते घराण्यात शब्दाला मान आहे.

कॉलेजसमोरच्या पानठेल्यावर जाऊन पिंटूला सांगितलं की उद्यापासून माझा घोटू नको. तो मान डोलावून हाव म्हणाला. निरोपाचा म्हणून एक घेतला.

मे महिन्यापर्यंत: प्रोजेक्ट, रिसर्च पेपर, सरकारी लॅबची परीक्षा. सही बदलायला हवी. ‘हेमराज ई. धकाते, फॉरेन्सिक तज्ज्ञ’ असं चार पानं लिहून पाहिलं. धकातेमधला ‘ते’ अजून कच्चा आहे.

८ जानेवारी, बुधवार

खर्रा नाही. डोकं जड. आईनं विचारलं बरं नाही काय, तर तिच्यावर ओरडलो. माझ्या डोक्यात सध्या ॲनालिटिकल केमिस्ट्री सुरू आहे हे घरच्यांनी समजून घ्यायला हवं.

मॅडमनी पद्धत समजावली. कापसाचा स्वॅब गालाच्या आतून फिरवायचा, सॉल्व्हंटमध्ये बुडवायचा, गाळायचं, बारक्या बाटलीत भरून मशीनला द्यायचं. मशीन त्यातला एकेक पदार्थ वेगळा काढतं आणि कागदावर ज्याचा त्याचा सुळका उभा करतं. निकोटिनच्या जागी सुळका आला म्हणजे निकोटिन. विषय संपला. पुढे वकील कितीही ओरडो.

शिवाय ब्लँक. म्हणजे कोणाच्याच तोंडात न घातलेला कोरा स्वॅब घ्यायचा आणि त्याच्यावरही तीच सगळी उठाठेव करायची. त्यात सुळका निघाला तर घाण आपल्याच हातची. श्वेतानं हे वहीत अंडरलाइन केलं. मला हसू आलं. कोऱ्या कापसात काय असणार!

स्वॅब तयार करणं आणि ब्लँक, ही दोन्ही कामं मॅडमनी माझ्याकडे दिली. त्यांना माझ्यात काहीतरी दिसलं असावं.

११ जानेवारी, शनिवार

पिंटूकडून एक खर्रा घेतला. खाण्यासाठी नाही. ज्या पदार्थावर काम करायचं तो हाताळलेला असावा लागतो. त्याला रेफरन्स मटेरियल म्हणतात. पिंटूनं सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकून घोटला, मी प्रक्रिया बारकाईनं पाहिली. अर्धा लॅबसाठी काढून ठेवला. राहिलेला अर्धा फेकणं बरोबर दिसत नव्हतं.

लॅबचा अर्धा घरी पोहोचेपर्यंत संपला. सोमवारी परत घ्यावा लागेल.

पन्नी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतो. आई पँटचे खिसे पाहते.

टूथब्रश बदलला. आजकाल कंपन्या ब्रश फार मोठे काढतात, मागच्या दाढेपर्यंत जात नाही. लहान मुलांचा घेतला, जिराफाचं चित्र आहे. मऊ असतो.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

यमुताई तिळगूळ घेऊन आल्या आणि सोबत स्थळही. गोळीबार चौकापासून तांडापेठेपर्यंत अर्ध्या लोकांची लग्नं त्यांनीच जमवली आहेत. धाकट्या बहिणीसाठी, रुचिकासाठी मुलगा पाहिला म्हणाल्या. पियुष सोनकुसरे. आपल्यातलाच, विणकरांचा. मूळ उमरेडचा, आता आईसोबत तांडापेठेत राहतो. हिंगण्याला बाबा कामाला आहेत त्याच कंपनीत क्वालिटीला आहे आणि बाबांच्याच बसमध्ये येतो-जातो.

आमच्याकडे मुलाबद्दल पहिला प्रश्न पगाराचा नसतो. खर्रा खाते का, हा असतो. उत्तर ठरलेलं असतं, नाही. स्थळ म्हणून निघालेला मुलगा खर्रा खातो असं नागपुरात आजवर घडलेलं नाही. यमुताईंनी देवाची शपथ घेतली. बाबाही म्हणाले की दोन वर्षं झाली, त्याच्या बाजूच्या सीटवर बसून राहिलो, कधी वास आला नाही. मी त्यांना समजावलं की बाबा, नाक हे इन्स्ट्रुमेंट नाही.

रुचिकानं फोटो पाहिला आणि ठीक आहे म्हणाली. आधीच्या तीन फोटोंना ती काहीच बोलली नव्हती. सदर बाजारातल्या मोबाईलच्या दुकानात दिवसभर लोकांची तोंडं पाहून तिला माणसं कळतात असं तिला वाटतं.

मी जाहीर केलं की यावेळी अंदाज चालणार नाही, टेस्ट होईल. सगळे हसले. मी हसलो नाही.

लाडू तोडून-तोडून खाल्ला. अख्खा तोंडात कोंबणं चांगलं दिसत नाही. आई म्हणाली की लहानपणी दोन-दोन कोंबायचास. तेव्हा मी शिकलेला नव्हतो.

१६ जानेवारी, गुरुवार

मॅडमचं कोटिनीनवर लेक्चर होतं. निकोटिन शरीरात गेल्यावर त्याचं पुढे काय होतं वगैरे. शरीराचं शरीर पाहील, आपला विषय मशीन. पिंटूकडे बसलो.

प्रोजेक्टला तुलनेसाठी खर्रा न खाणारे लोक हवेत. पुऱ्या वर्गात मुलांपैकी कोणी मिळेना. मी हात वर केला. श्वेतानं माझ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. सोमवारपासून खाल्लेला नाही. मंगळवार सोडून. आणि आज लेक्चरला नव्हतो म्हणून.

संध्याकाळी सदरला तिच्यासोबत पाणीपुरी. पुरी तोडून काहून खाऊन राहिला, म्हणाली. हायजीनचा मुद्दा सांगितला. पाणी सगळं शर्टावर सांडलं. आजकाल ते लोक मिरचीपण फार टाकतात, गालाची आतून नुसती आग झाली. ती मजेत खात होती. बायकांना तिखट सहन होतं.

१९ जानेवारी, रविवार

पाहुणे येऊन गेले. पियुष, त्याची आई रंभाबाई आणि एक मामा.

मुलगा सावळा, शांत, कपडे साधे. रंभाबाई बोलायला सरळ. त्यांनी आल्या-आल्या सांगितलं की माह्या घरवाल्याले तंबाखूनं नेलं, म्हणून पोरगा सुपारीलेबी हात लावत नाही. असं सगळेच म्हणतात. रुचिका आणि पियुष मागच्या अंगणात बोलत होते, तिचं हसणं आतपर्यंत ऐकू आलं. ती घरात असं हसत नाही. बाबा उगाच उठून पाणी पीत होते. ते खूश असले की पाणी पितात.

मी ड्युटीवर होतो. चहा झाल्याबरोबर पियुषचा कप स्वतः उचलला. आई पाहतच राहिली, मी जन्मात कप उचललेला नाही. स्वयंपाकघरामागे जाऊन कपाच्या काठावरून स्वॅब फिरवला. स्वॅब सकाळपासूनच तयार ठेवला होता, वरच्या खिशात, म्हणजे कोणाचा हात लागू नये. त्याचं कागदी पाकीट जरासं फाटलं होतं. चालतं. काम झाल्यावर परत खिशात. ग्लोव्हज घातले नाहीत, पाहुण्यांना विचित्र वाटलं असतं.

श्वेताला फोनवर सांगितलं. ती म्हणाली की न विचारता कोणाचं सँपल घेणं चूक आहे. मी म्हटलं, न तपासता बहीण देणं त्याहून मोठी चूक आहे. वाक्य चांगलं जमलं म्हणून इथे लिहून ठेवतो.

२० जानेवारी, सोमवार

बाबांनी समोरच्या खोलीतल्या हातमागावरचा पोता काढला. कारखान्यात लागल्यापासून माग बंदच होता. झाडला, पुसला, तेल दिलं. रुचिकाच्या लग्नाची करवतकाठी साडी स्वतः विणणार म्हणतात. आजोबांनी आत्याची विणली होती. मी म्हटलं, रिपोर्ट येऊ द्या. ऐकू न आल्यासारखं केलं.

लॅबच्या स्वॅबचं नवीन पुडकं घरी आणलं. पाकिटांवर नंबर टाकायचे होते. टाकता-टाकता एक खर्रा संपला. बसून करायच्या कामाला लागतोच.

२२ जानेवारी, बुधवार

प्रोजेक्टच्या सोळा सँपलच्या मागे पियुषचं लावलं. एस-सतरा. श्वेतानं ब्लँक झालं का विचारलं. मी झालं म्हटलं. कोरा स्वॅब बुडवा, गाळा, एवढ्या भानगडीत न पडता नुसतं सॉल्व्हंट बाटलीत भरून दिलं. एकदम स्वच्छ रेघ आली. सांगितलं होतं ना, कोऱ्यात काय असणार.

मॅडमनी लॅबमध्ये कसला वास येतोय विचारलं. मी म्हटलं, सॉल्व्हंट.

२३ जानेवारी, गुरुवार

एस-सतरा. निकोटिन. साधासुधा सुळका नाही, कागद फाडून बाहेर जाईल असा.

कोटिनीनच्या जागी काहीच नाही. ते का येतं आणि कधी येत नाही ते लेक्चरमध्ये झालं असावं. मुलगा नवीन खाणारा असेल. मुद्दा तो नाही. मुद्दा हा की रंभाबाईंचा शांत पोरगा छुपा रुस्तम आहे आणि त्याला मी पकडलं. माझी पहिली केस.

प्रिंट घडी करून वरच्या खिशात ठेवली.

२४ जानेवारी, शुक्रवार

जेवणानंतर प्रिंट सगळ्यांसमोर पसरली. शांतपणे समजावून सांगितलं. आई पदरानं डोळे पुसायला लागली. बाबा कितीतरी वेळ त्या सुळक्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले की मले तं कधीच वास नाही आला. मी पुन्हा नाकाबद्दल सांगितलं.

रुचिकानं एकच विचारलं, मशीन चुकत नाही काय.

मी म्हटलं, “मशीन खोटं बोलत नाही. माणूस बोलते.”

ती उठून भांडी घासायला गेली. वाईट वाटलं. पण तज्ज्ञाला भावना बाजूला ठेवाव्या लागतात. उद्या मोठ्या केसेस येतील, तेव्हा काय करणार?

२६ जानेवारी, रविवार

बाबांनी यमुताईंना नकार कळवला. कारण सांगायचं नव्हतं, पण मुलाकडच्यांना काहीतरी सांगावं लागेल म्हणून यमुताई अडून बसल्या. शेवटी मी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं. एकदम कॉन्फिडेन्शियल. त्यांनी माझ्या डोक्याची शपथ घेतली.

बाबांनी मागावर परत पोता टाकला.

२९ जानेवारी, बुधवार

यमुताईंना सांगणं म्हणजे लाउडस्पीकर लावणं. आठवडा संपायच्या आत कंपनीच्या पूर्ण बसला कळलं. बाबा म्हणाले की पियुष चढला की पोरं ‘अबे, पन्नी दे ना’ म्हणून ओरडतात. तो पुढे जाऊन ड्रायव्हरजवळ उभा राहतो. बाबांच्या बाजूची सीट रिकामी असते. तिथे दुसरं कोणी बसत नाही, तोही नाही.

मी म्हटलं की सत्याला किंमत द्यावी लागते. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

रुचिका माझ्याशी नेहमीसारखी बोलते. चहा देते. फक्त दादा म्हणत नाही, नुसतं ‘चहा’ म्हणते.

आई रस्सा आजकाल फार तिखट करते. बोललो तर म्हणाली, मिरची अर्ध्यावर आणली. दहीभात खाल्ला.

३ फेब्रुवारी, सोमवार

कंट्रोल सँपल, म्हणजे न खाणाऱ्याचं, द्यायचा दिवस. शास्त्राशी बेइमानी नको म्हणून कालपासून कडक बंद. सकाळचा सोडून. शरीर दोन दिवसांत धुऊन निघतं, पिंटूचा एक ग्राहक कंपाउंडर आहे तो सांगत होता.

श्वेतानं स्वॅब गालात घालताना तोंड मोठं उघड म्हटलं. मी म्हटलं की एवढं पुरे आहे. तिनं थोडं विचित्र पाहिलं. मग स्वॅब तिरका करून घातला.

५ फेब्रुवारी, बुधवार

लिहावंसं वाटत नाही.

मॅडमनी मला आणि श्वेताला बोलावलं. टेबलावर रिपोर्ट पसरलेले. सगळ्यात उंच सुळका कोणाचा, विचारलं. मी खाली वाचलं. कंट्रोल, एच. ई. धकाते. रोज पाच-पाच खर्रे खाणाऱ्यांपेक्षाही उंच. आणि बाजूला कोटिनीनचाही, तेवढाच ठसठशीत.

मी म्हटलं, मशीनमध्ये काहीतरी. मॅडम म्हणाल्या, असेल, म्हणूनच मी ब्लँक पुन्हा करायला लावलं. श्वेतानं माझ्याच पुडक्यातला कोरा स्वॅब घेऊन सगळी क्रिया केली होती. कोऱ्या स्वॅबमध्ये निकोटिन. सुळका मी ओळखला. आधी पाहिला होता.

मग त्यांनी एस-सतरा काढला. लेक्चरला तू नव्हतास म्हणून परत समजावते, म्हणाल्या. आवाज चढवला नाही. तंबाखूतलं निकोटिन तोंडातून रक्तात गेलं की शरीर त्याचं कोटिनीन करतं, ते लाळेत उतरतं. एस-सतरामध्ये निकोटिन भरपूर आणि कोटिनीनचा पत्ता नाही. “हे कोणाच्याच तोंडातून आलेलं नाही, हेमराज. हे खिशातून आलंय.”

माझा हात आपोआप वरच्या खिशावर गेला. पन्नी वाजली. त्या खोलीत एवढी शांतता का ठेवतात माहीत नाही.

एस-सतरा कोणाचा आहे ते मॅडमनी विचारलं नाही. विचारलं असतं तर काहीतरी सांगता आलं असतं. श्वेता जिन्यापर्यंत सोबत आली. ती फक्त एवढंच म्हणाली की पहिल्याच दिवशी हाव म्हणला असता तं काय झालं असतं.

पिंटूकडे गेलो नाही. म्हणजे गेलो, पण उभा राहिलो नाही. घेऊन निघालो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

विचार केला. घरी सांगायची गरज आहे का? नकार तर झाला. पियुषला दुसरी मुलगी मिळेल, रुचिकाला दुसरा मुलगा. नवीन आयुष्य सुरू करताना जुनं उकरू नये. मी आतापासून बदलतो, हेच खरं प्रायश्चित्त.

ठराव: १. खर्रा बंद. २. ब्लँक नीट करणे. ३. रुचिकासाठी स्वतः चांगलं स्थळ पाहणे.

संध्याकाळी ती कामावरून आली आणि सरळ मागाच्या खोलीत जाऊन बसली. लाईट लावला नाही. काय करून राहिली म्हणून मी दारातून पाहिलं. काही करत नव्हती. पोत्याचा एक कोपरा सरकला होता, तो नीट केला.

तिसरा ठराव खोडला. लाज वाटली. मनापासून वाटली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं.

सुरुवात कोटिनीनपासून केली, म्हणजे पार्श्वभूमी समजेल. बाबांनी थांबवलं. म्हणाले, मराठीत सांग. मग सांगितलं. पन्नी वरच्या खिशात, स्वॅबही वरच्या खिशात. पोरगा खात नाही. मी खातो.

आई म्हणाली की मले माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. मोठी गोष्ट म्हणून उघड करायला गेलो आणि निघालं की घरात माझ्याशिवाय कोणापासूनच काही लपलेलं नव्हतं.

रुचिका ओरडेल म्हणून वाट पाहत होतो. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“तुह्या खिशाचा वास मले रोज येते दादा. अन् त्याचा आला नाही. पण तू मशीन म्हणला, म्हणून मी माह्या नाकाले चूप केलं.”

बऱ्याच दिवसांनी दादा म्हणाली. ते असं ऐकायला लागलं.

बाबांनी विचारलं की हे यमुताईले तूच सांगितलं होतं ना. हाव म्हटलं. मग बसमध्ये चाल उद्या, म्हणाले.

८ फेब्रुवारी, शनिवार

कंपनीची बस गोळीबार चौकात सकाळी येते. पोरं टिफिन घेऊन उभी. मी वरच्या खिशात काही ठेवलं नव्हतं. हात सारखा तिथे जात होता.

काल रात्री भाषण तयार केलं होतं, दूषित नमुना आणि पद्धतीतील त्रुटी वगैरे. बसमध्ये चढलो आणि सगळं डोक्यातून साफ झालं. पियुष ड्रायव्हरजवळ उभा होता. बाबा आपल्या सीटवर जाऊन बसले आणि खिडकीबाहेर पाहायला लागले. मी दांडी धरून मोठ्यानं म्हटलं की पियुषभाऊ खर्रा खात नाही. मी खातो. माह्याच खिशातली तंबाखू त्याच्या टेस्टमध्ये गेली. मशीन चुकलं नव्हतं, मी चुकलो होतो.

कोणी हसलं नाही. मागून एकानं विचारलं की तू तं फॉरेन्सिकवाला ना बे. मी हाव म्हटलं. बस, तेवढंच. पण ते ‘ना बे’ अजून कानात आहे.

पियुष मला मारेल असं वाटलं होतं. तो बाजूला सरकला आणि मला उभं राहायला जागा दिली. म्हणाला की बाकी काही नाही भाऊ, पण माह्या आईनं ते खरं मानलं. माहे बाबा तसेच गेले होते, म्हणून भेली ती. तेव्हापासून रोज जेवणाआधी ती त्याला तोंड उघडायला लावते आणि आपली तीन बोटं उभी घालून पाहते. खर्रा खाणाऱ्याचं तोंड आखडत जातं, तीन बोटं जात नाहीत. “सत्तावीस वर्षांचा आहो मी. रोज आईसमोर आ करून उभा राहतो.”

त्यानं तिथेच बसमध्ये करून दाखवलं. तीन बोटं आरामात गेली. मग सहज म्हणाला, तुमी पाहा बरं. मी पाहिलं. तीन सोडा, दोन बोटंही दातांना अडली. मी हसून म्हटलं की माझी बोटं जाड आहेत. तो हसला नाही. माझ्या बोटांकडे पाहिलं आणि मग तोंडाकडे.

पुढच्या स्टॉपवर उतरलो. खिडकीतून दिसलं, बाबांच्या बाजूच्या सीटवर तो जाऊन बसला होता.

९ फेब्रुवारी, रविवार

आरशासमोर. दोन बोटं. थंडी आहे, स्नायू आखडतात. गरम पाण्याच्या गुळण्या केल्या. दोन बोटं. दुसऱ्या हाताची बारीक असतील म्हणून ती पाहिली. तीही दोन नाहीत, दीडच.

जांभई अर्ध्यातच अडकते, हे बऱ्याच दिवसांपासून आहे. झोप पुरत नसेल असं समजत होतो.

ब्रशवरचा जिराफ पाहून खूप वाईट वाटलं. आई बाहेरून दार वाजवत होती की किती वेळ लावतो.

खर्रा नाही. खरंच नाही. इथे कोणासाठी खोटं लिहू?

१० फेब्रुवारी, सोमवार

रात्री रुचिकाच्या फोनवर पियुषचा फोन आला. ती दचकली, मग बाहेर जाऊन बोलली. खूप वेळ. मी खिडकीजवळ उभा होतो, ऐकण्यासाठी नाही. लग्नाचं काहीच नाही. माझ्याबद्दलच बोलत होते. तुह्या भावाले लवकर दवाखान्यात ने, माह्या बाबाचं असंच सुरू झालं होतं, असं तो म्हणाला म्हणे. मी त्याची बदनामी केली आणि त्याला काळजी माझ्या तोंडाची.

मी रुचिकाला म्हटलं, आधी इंटरनेटवर वाचतो, यावर माझा अभ्यास आहे. ती म्हणाली, बुधवारी सुट्टी घेतली मी. चाल म्हणजे चाल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी बाबा मागाच्या खोलीत उभे होते. पोता काढलेला नव्हता, पण त्यावरची धूळ झटकलेली होती. मी विचारलं नाही.

धंतोलीत दवाखान्यात गर्दी. यवतमाळचे, वर्ध्याचे, कुठून कुठून आलेले लोक. सगळी माणसं माझ्याएवढी, काही माझ्यापेक्षा लहान. मी ठरवलं होतं की डॉक्टरला आधीच सांगायचं, मी फॉरेन्सिकचा आहे, नुसतं समजावत बसू नका. नंबर येईपर्यंत ते सांगायची हिंमत राहिली नाही.

रुचिकाचा फोन वाजला. ती उठून जिन्यात गेली. काय बोलणं झालं माहीत नाही, पण हसणं आतपर्यंत आलं. त्या रविवारसारखं. रंभाबाईनं आज पोराले बिना तपासता जेवू घातलं, एवढंच मला येऊन सांगितलं, आणि बाजूले बसली. माझ्या वरच्या खिशाकडे पाहिलं. मी खिसा उलटा करून दाखवला.

नाव पुकारलं. आत गेलो. खर्रा खाता का, डॉक्टरनं विचारलं. हाव म्हटलं. पहिल्यांदा कोणी विचारल्यावर सरळ हाव म्हटलं. रुचिकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मले वाटलं, चला, अवघड ते झालं. आता बरा होतो मी.

डॉक्टरनं बॅटरी लावली. म्हणाले, “उघडा तोंड. पूर्ण उघडा.”

मी म्हटलं, हे पूर्णच आहे.